एकट्या माणसांचा सोबती

घर माणसांनी भरलेले असते. अंगणात मुले खेळत असतात, चुलीवर स्वयंपाक शिजत असतो, ओसरीवर पाहुणे बसलेले असतात. तरीही त्याच घरातील एखादे माणूस अगदी एकटे असते. त्याच्या मनात काय आहे, हे कोणी विचारत नाही आणि त्याला ते आपण होऊन सांगता येत नाही. अशा माणसांचे दुःख ज्यांनी आपल्या कथांतून सांगितले, त्या थोर लेखकाचे नाव मुन्शी प्रेमचंद. उर्दू आणि हिंदी या दोन्ही भाषा त्यांना आपला लेखक मानतात.

ही एकटी माणसे प्रेमचंदांना कोठे भेटली? त्यांचे आयुष्य पाहिले, की या प्रश्नाचे उत्तर मिळू लागते.

प्रेमचंदांचे खरे नाव धनपतराय. ३१ जुलै १८८० रोजी वाराणसीजवळच्या लमही या खेड्यात त्यांचा जन्म झाला. वडील अजायबलाल टपालखात्यात कारकून होते. आईचे नाव आनंदी. घरची परिस्थिती बेताची होती. धनपत सुमारे आठ वर्षांचा असताना आई वारली. आजीने त्याला जवळ घेतले. पण थोड्याच काळात तीही गेली. थोरली बहीण लग्न होऊन सासरी गेली होती. पुढे वडिलांनी दुसरे लग्न केले आणि घरात सावत्र आई आली. वडील आपल्या नोकरीत गुंतलेले. सावत्र आईजवळ मन मोकळे करावे, अशी जवळीक कधी झाली नाही. घरात माणसे होती. पण आईची आठवण झाली, तर कोणाजवळ बोलावे, हे त्या मुलाला कळत नव्हते.

धनपतचे शिक्षण उर्दू आणि फारसीने सुरू झाले. लमहीजवळच्या गावात एका मौलवीसाहेबांकडे तो शिकायला जाई. पुढे वडिलांची बदली गोरखपूरला झाली. तेथे त्याला पुस्तकांची सोबत मिळाली. एका मित्राच्या वडिलांचे तंबाखूचे दुकान होते. तेथे ‘तिलिस्म-ए-होशरुबा’ या जादूच्या अद्भुत कथा वाचल्या जात. धनपत त्या तासन्‌तास ऐकत बसे. पुस्तके विकत घेण्याजोगे पैसे त्याच्याकडे नव्हते. मग त्याने एका पुस्तकविक्रेत्याशी ओळख केली. त्याच्या दुकानातील मार्गदर्शक पुस्तके तो शाळेतील मुलांना विके आणि त्याच्या बदल्यात दुकानातील कादंबऱ्या घरी नेऊन वाची. सरशार, शरर अशा उर्दू लेखकांची पुस्तके त्याने या वयातच वाचून काढली.

त्याच्या पहिल्या लेखनाची हकिकतही ऐकण्यासारखी आहे. घरी एक दूरचे मामा येऊन राहत. धनपत कादंबऱ्या वाचतो, म्हणून ते त्याला रागवत आणि वडिलांना सांगण्याची भीती घालत. मोठ्यांना उलट उत्तर देण्याची सोय नव्हती. पुढे या मामांचीच गावात फजिती झाली. तेव्हा धनपतने त्या प्रसंगावर एक नाटक लिहिले, मित्रांना वाचून दाखवले आणि ते मामांच्या उशाशी ठेवून तो शाळेत गेला. संध्याकाळी येऊन पाहतो, तर मामा सामान घेऊन निघून गेले होते आणि नाटकाचे कागदही नाहीसे झाले होते. त्या वेळी तो जेमतेम तेरा वर्षांचा होता. जे तोंडाने सांगता येत नाही, ते लिहून सांगता येते, हे त्या मुलाला तेव्हा समजले.

पंधराव्या वर्षी धनपतचे लग्न झाले. त्या काळी मुलांना विचारून लग्ने ठरत नसत. नवरा-नवरीने एकमेकांना पाहिलेलेही नव्हते. मने जुळली नाहीत. १८९७ साली वडील वारले आणि सावत्र आई, भाऊ आणि पत्नी यांचा भार या विद्यार्थ्यावर पडला. तो लमहीहून रोज पायी वाराणसीच्या शाळेत जाई. शाळा सुटल्यावर एका मुलाची शिकवणी करी. त्या शिकवणीचे महिन्याला पाच रुपये मिळत. रात्री घरी परतल्यावर दिव्याच्या उजेडात स्वतःचा अभ्यास करी.

मॅट्रिक झाल्यावर कॉलेजात जाण्याची धनपतची फार इच्छा होती. पण गणित आडवे आले आणि पैसाही नव्हता. एकदा हातात काहीच उरले नाही, तेव्हा दोन रुपयांना घेतलेले गणिताचे एक पुस्तक विकायला तो दुकानात गेला. दुकानदाराने एक रुपया दिला. त्याच दुकानात चुनारच्या मिशन शाळेचे मुख्याध्यापक बसलेले होते. त्यांना शिक्षक हवा होता. त्यांनी या तरुणाची विचारपूस केली आणि महिना अठरा रुपयांवर त्याला नोकरी दिली. एका अनोळखी माणसाने चार शब्द विचारले आणि धनपतरायांच्या आयुष्याला वळण मिळाले. ही गोष्ट १८९९ सालची. पुढच्याच वर्षी ते सरकारी शाळेत शिक्षक झाले.

१९०५ मध्ये धनपतराय कानपूरला आले. तेथे ‘जमाना’ या उर्दू मासिकाचे संपादक दयानारायण निगम यांच्याशी त्यांची मैत्री झाली. लहानपणी ज्याच्याशी बोलायला कोणी नव्हते, त्याला आता मनासारखे बोलणारे मित्र मिळाले. मित्रमंडळींत बसले, की धनपतराय मोठमोठ्याने हसत. त्यांचे ते खळखळून हसणे प्रसिद्ध होते. या मासिकात ते ‘नवाबराय’ या नावाने लिहू लागले.

घरात मात्र शांतता नव्हती. भांडणांनी कंटाळून त्यांची पत्नी माहेरी गेली. धनपतरायांनी तिला परत आणले नाही. १९०६ साली त्यांनी शिवरानीदेवी या बालविधवेशी विवाह केला. विधवेशी विवाह करणे ही त्या काळी मोठ्या धैर्याची गोष्ट होती आणि त्याबद्दल त्यांचे कौतुक होते. पण माहेरी राहिलेल्या त्या पहिल्या पत्नीचे काय? तिचे दुःख सांगणारी कथा कोणी लिहिली नाही. पुढे शिवरानीदेवींनी पतीच्या आठवणींचे ‘प्रेमचंद घर में’ हे पुस्तक १९४४ मध्ये प्रसिद्ध केले. त्यात त्यांनी ही गोष्ट झाकून ठेवली नाही. दुसऱ्यांच्या घरातील अबोला ज्यांना इतका स्पष्ट दिसला, त्यांना स्वतःच्या घरातील अबोला मिटवता आला नाही. थोर माणसेही आपल्यासारखीच माणसे असतात, हे यावरून कळते.

१९०८ साली धनपतरायांचा ‘सोजे वतन’ हा उर्दू कथासंग्रह निघाला. त्यात देशप्रेमाच्या कथा होत्या. पुढे ते हमीरपूर जिल्ह्यात शाळातपासनीस असताना इंग्रज कलेक्टरने त्यांना बोलावून घेतले. कथा राजद्रोही ठरल्या. उरलेल्या प्रती सरकारजमा करून जाळण्यात आल्या. यापुढे लिहिलेला प्रत्येक मजकूर आधी सरकारला दाखवावा, असा हुकूम झाला. सांगण्यासारखे मनात पुष्कळ होते. पण तोंड बंद करण्यात आले होते. तेव्हा निगम यांनी नवे नाव सुचवले आणि नवाबरायांचे ‘प्रेमचंद’ झाले.

‘प्रेमचंद’ या नावाने १९१० साली ‘बडे घर की बेटी’ ही कथा ‘जमाना’त प्रसिद्ध झाली. आनंदी ही श्रीमंत घरची मुलगी एका साध्या घरात सून म्हणून येते. एके दिवशी स्वयंपाकातील तुपावरून तिचा आणि धाकट्या दिराचा वाद होतो. रागाच्या भरात दीर लालबिहारी तिच्यावर खडाव फेकतो. नवरा गावाला असतो. तो आल्यावर ती रडत त्याला सगळे सांगते. नवरा संतापतो. भावाचे तोंडही पाहणार नाही, असे तो वडिलांना बजावतो. लालबिहारीला पश्चात्ताप झालेला असतो. भावावर त्याचा फार जीव असतो. पण समोर जाऊन बोलण्याचे धैर्य होत नाही. घर सोडून जाताना तो दाराबाहेर उभा राहून वहिनीची क्षमा मागतो. दाराच्या एका बाजूला तो आणि दुसऱ्या बाजूला आनंदी. दोघांच्याही डोळ्यांत पाणी. शेवटी आनंदी बाहेर येते, त्याचा हात धरते आणि त्याला थांबवते. भाऊ भावाला मिठी मारतो. एका शब्दाने मोडायला आलेले घर एका शब्दाने सावरते.

पण प्रत्येक घर असे वेळेवर सावरत नाही. ‘बूढी काकी’ या कथेत एक म्हातारी आहे. पती गेला, मुले गेली. तिने आपली सगळी मालमत्ता पुतण्याच्या, म्हणजे बुद्धिरामच्या नावे केली. मालमत्ता हाती येईपर्यंत त्याने गोड गोड वचने दिली. नंतर तो तिला पोटभर जेवायलाही घालेना. घरातील मुले तिला चिडवत. फक्त लाडली नावाची लहान मुलगी तिच्यावर माया करी. एकदा घरात बुद्धिरामच्या मुलाचा तिलक, म्हणजे लग्नाआधीचा समारंभ असतो. कढईत पुऱ्या तळल्या जात असतात. तो वास काकीच्या अंधाऱ्या खोलीत येतो. ती वाट पाहून पाहून थकते आणि सरपटत कढईजवळ जाते. बुद्धिरामची बायको रूपा तिला सर्वांसमोर बोल लावते. दुसऱ्यांदा ती पाहुण्यांच्या पंगतीत जाते, तेव्हा बुद्धिराम तिला ओढत नेऊन खोलीत टाकतो. गडबडीत तिला जेवण द्यायचे सर्वजण विसरतात.

लाडली आपल्या वाटच्या पुऱ्या बाहुल्यांच्या पेटीत लपवून ठेवते आणि रात्री काकीला नेऊन देते. तेवढ्याने म्हातारीची भूक भागत नाही. ती अंधारात उष्ट्या पत्रावळींजवळ जाऊन बसते आणि त्यांतील तुकडे वेचून खाऊ लागते. रूपाला जाग येते. ते दृश्य पाहून तिच्या अंगावर काटा येतो. जिच्या मालमत्तेवर आपले घर चालते, ती आपल्याच घरात उष्टे खाते आहे! रूपा ताट वाढून आणते आणि काकीची क्षमा मागते. काकी सगळा अपमान विसरून जेवू लागते. कथा येथे संपते. पण आपल्या मनातून ती जात नाही. एवढ्या मोठ्या घरात म्हाताऱ्या माणसाची भूक एका लहान मुलीलाच कशी कळली, हा प्रश्न आपल्याला सतावत राहतो.

प्रेमचंदांच्या कथांत पुष्कळदा लहान मुलेच मोठ्यांची मने ओळखतात. ‘कजाकी’ ही कथा पाहा. कजाकी हा टपाल वाहून नेणारा हरकारा. टपालबाबूंच्या लहान मुलाचा तो लाडका मित्र. मुलासाठी हरणाचे पाडस पकडण्याच्या नादात त्याला एके दिवशी उशीर होतो. टपालबाबू संतापतात आणि उशीर का झाला, हे समजून न घेता त्याला कामावरून काढून टाकतात. मुलाला सारे समजते. पण रागावलेल्या वडिलांपुढे त्याचे काही चालत नाही. मग तो कजाकीला देण्यासाठी घरातले पीठ गुपचूप घेऊन जातो. टपालखात्यातील वडील आणि एकटे मूल प्रेमचंदांना चांगलेच परिचयाचे होते.

‘ईदगाह’ ही १९३३ सालची कथा तुम्ही उर्दूत वाचली असेल. हमीदचे आईवडील या जगात नाहीत. अब्बाजान पैसे मिळवायला गेले आहेत आणि अम्मी अल्लाहच्या घरून छान छान वस्तू आणायला गेली आहे, असे त्याला सांगितलेले असते. दादी अमीना त्याला खरे सांगू शकत नाही. ईदच्या दिवशी ती एकटीच रडते आणि हमीद हसत हसत जत्रेला जातो. त्याच्याजवळ फक्त तीन पैसे असतात. मित्र खेळणी आणि मिठाई घेतात. तव्यावरून पोळ्या काढताना दादीची बोटे भाजतात, हे हमीदला आठवते आणि तो लोखंडाचा चिमटा घेतो. घरी आल्यावर दादी आधी रागावते. दुपारपर्यंत मूल उपाशी राहिले आणि चिमटा घेऊन आले! कारण कळताच मात्र तिला रडू कोसळते. ती हात पसरून त्याला दुवा देते. ती का रडते, हे हमीदला समजत नाही. दोघांचे एकमेकांवर जिवापाड प्रेम आहे. तरी तिच्या मनातले त्याला आणि त्याच्या मनातले तिला पूर्ण सांगता येत नाही. जे सांगता आले नाही, ते त्या चिमट्याने सांगितले.

‘बडे भाईसाहब’ या कथेत दोन भाऊ वसतिगृहात राहतात. थोरला सारखा अभ्यास करतो आणि नापास होतो. धाकटा खेळतो आणि पास होतो. थोरला त्याला लांबलचक उपदेश करतो. धाकट्याला वाटते, या दादाला खेळाची आवडच नाही. शेवटी एके दिवशी थोरला कबूल करतो, की पतंग उडवावा असे त्यालाही वाटते. पण तोच वाट चुकला, तर धाकट्याला कोण सांभाळणार? तेवढ्यात वरून एक काटलेला पतंग जातो. थोरला उडी मारून त्याची दोरी पकडतो आणि धावत सुटतो. थोरलेपणाच्या ओझ्याखाली दडलेले लहान मूल धाकट्याला त्या दिवशी दिसते.

लेखनाबरोबर प्रेमचंदांची नोकरीही चालू होती. नोकरी करतच त्यांनी १९१९ साली बी.ए.ची परीक्षा दिली व ते उत्तीर्ण झाले. १९२१ मध्ये गोरखपूरला गांधीजींचे भाषण ऐकून त्यांनी सरकारी नोकरी सोडली. मुलाबाळांचा संसार होता, प्रकृती चांगली नव्हती. पण शिवरानीदेवींनी त्यांना साथ दिली. त्या स्वतःही कथा लिहीत. स्वातंत्र्याच्या चळवळीत १९३० साली त्यांनी तुरुंगवासही भोगला. प्रेमचंदांनी वाराणसीत सरस्वती प्रेस हा छापखाना काढला आणि १९३० मध्ये ‘हंस’ मासिक सुरू केले. दोन्हींत तोटाच येत गेला.

हे कर्ज फेडण्यासाठी १९३४ साली प्रेमचंद मुंबईला आले. अजंटा सिनेटोन या कंपनीसाठी त्यांनी ‘मजदूर’ या चित्रपटाची कथा लिहिली. गिरणीकामगारांचे जीवन दाखवणाऱ्या या चित्रपटावर मुंबईत बंदी आली. चित्रपटाच्या धंद्यात लेखकाचे म्हणणे कोणी ऐकत नाही, असा त्यांना अनुभव आला. एवढ्या गर्दीच्या शहरात त्यांचा जीव रमला नाही. १९३५ मध्ये ते परत गेले.

त्याच वर्षी त्यांची ‘कफन’ ही कथा उर्दूत प्रसिद्ध झाली. घीसू आणि माधव हे बापलेक झोपडीबाहेर विझत आलेल्या शेकोटीजवळ भाजलेले बटाटे खात बसले आहेत. आत माधवची बायको बुधिया प्रसूतीच्या वेदनांनी तळमळत आहे. आपण आत गेलो, तर दुसरा जास्त बटाटे खाईल, या भीतीने कोणीच उठत नाही. ती एकटीच मरते. लोकांनी कफनासाठी दिलेले पैसेही ते दोघे दारूत उडवतात. प्रेमचंद त्यांना केवळ दोष देऊन थांबत नाहीत. राबणाऱ्यांनाही उपाशी ठेवणाऱ्या समाजात गरिबी माणसाला किती दगड बनवते, हे ते दाखवतात. या कथेत धावून येणारी आनंदी नाही, लाडली नाही आणि हमीदही नाही. म्हणूनच ती वाचताना मन सुन्न होते.

१९३६ च्या एप्रिलमध्ये लखनौ येथे प्रगतिशील लेखकांचे पहिले अधिवेशन भरले. त्याचे अध्यक्षपद प्रेमचंदांनी भूषवले. त्याच वर्षी ‘गोदान’ ही त्यांची सर्वांत गाजलेली कादंबरी प्रसिद्ध झाली. आजार मात्र बळावत गेला. ८ ऑक्टोबर १९३६ रोजी वाराणसी येथे त्यांचे निधन झाले. त्या वेळी ते छप्पन्न वर्षांचे होते.

प्रेमचंदांनी सुमारे तीनशे कथा लिहिल्या. त्यांत राजे आणि पऱ्या क्वचितच भेटतात. भेटतात ती घरातलीच माणसे: भुकेली काकी, बोटे भाजणारी दादी, रागीट दीर, गंभीर थोरला भाऊ. ती आपल्याजवळच असतात. पण आपण त्यांना विचारत नाही. घरात आजी गप्प बसलेली असेल, थोरला भाऊ सारखा रागवत असेल, तर त्याच्यामागे काहीतरी न बोललेले असते. ते कसे ऐकावे, हे प्रेमचंदांच्या कथा आपल्याला शिकवतात.

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) प्रेमचंदांचे खरे नाव काय होते?
(आ) लाडलीने पुऱ्या कोठे लपवून ठेवल्या?
(इ) ‘जमाना’ मासिकाचे संपादक कोण होते?

प्र. २. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) नवाबरायांना ‘प्रेमचंद’ हे नाव का घ्यावे लागले?
(आ) हमीदने खेळण्याऐवजी चिमटा का घेतला?
(इ) बूढी काकीचे दुःख घरातील मोठ्या माणसांना का कळले नसावे, असे तुम्हांला वाटते?

प्र. ३. वाक्यात उपयोग करा.
मन मोकळे करणे, जीव रमणे, अंगावर काटा येणे, मन सुन्न होणे.

उपक्रम : आपल्या घरातील वडीलधाऱ्या माणसाला त्यांच्या लहानपणाविषयी विचारा. त्यांनी सांगितलेली एक आठवण दहा ओळींत मराठीत लिहा.